विमादाव्यांतील विवाद व निवारण

विमादाव्यांतील विवाद व निवारण : विमापत्रान्वये देय झालेली रक्कम देण्यास विमाकर्त्याने नकार दिल्यास किंवा ती कमी दिल्यास विमेदार, त्याचा नामनिर्देशित, वारस किंवा ज्याच्या नावे विमापत्र लिहून दिलेले आहे असा इसम आणि विमाकर्ता यांच्यात उद्‌भवणारा तंटा आणि तो मिटविण्याच्या रीती. असे तंटे अनेक कारणांनी होतात; परंतु त्यांच्या इतिहासात एकच प्रश्न पुनःपुन्हा समोर आलेला दिसतो. विमा घेताना विमेदाराने जे सांगितले नाही, त्याचा भार कोणी सोसावयाचा आणि किती काळ?

हा प्रश्न विम्याच्या स्वरूपातूनच निघतो. घर किंवा बैल विकत घेणारा ते पाहून, पारखून घेतो. दोष न पाहिल्यास तोटा त्याचा. विमाकर्त्याला मात्र ज्या जोखमीवर तो पैसे लावतो, ती बहुतांशी दुसऱ्याच्या तोंडूनच कळते. म्हणून विम्याचा करार हा ‘परम सद्‌भावा’चा करार मानला जातो व जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट विमेदाराने आपणहून उघड करावी, अशी अपेक्षा असते. आयुर्विम्यात अडचण आणखी खोल आहे. प्रस्तावपत्रातील उत्तरे ज्याने दिली, तोच वाद उभा राहतो त्या दिवशी हयात नसतो. त्याला काय ठाऊक होते आणि त्याने ते हेतुपुरस्सर लपविले की काय, याची साक्ष त्याच्या विधवेला किंवा मुलांना द्यावी लागते व बहुधा त्यांना ती देता येत नाही.

परम सद्‌भावाच्या तत्त्वाचा उगम ज्या खटल्यात सांगितला जातो, तो कार्टर विरुद्ध बोएम हा खटला १७६६ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायाधीशांपुढे चालला. सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेंकुलेन येथे ईस्ट इंडिया कंपनीचा मार्लबरो नावाचा किल्ला होता. तेथील गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने, परकीय शत्रूने किल्ला घेतल्यास होणाऱ्या नुकसानीबद्दल लंडनमध्ये एक वर्षाचा विमा उतरविला. १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला दुबळा होता आणि फ्रेंच हल्ल्याचा संभव होता हे गव्हर्नरने कळविले नाही, असे म्हणून विमाकर्ता चार्ल्स बोएम याने पैसे नाकारले. मॅन्सफील्ड यांनी प्रकटनाचा नियम अतिशय स्पष्ट शब्दांत मांडला, परंतु निकाल दिला तो विमेदाराच्या बाजूने. किल्ल्याची स्थिती लंडनमध्ये अज्ञात नव्हती, युरोपातील युद्धाचा रंग विमाकर्त्याला गव्हर्नरपेक्षा अधिक कळत होता आणि काहीएक न विचारता हप्ता स्वीकारून संकट आल्यावर मौनाकडे बोट दाखविणे हेच सद्‌भावाला सोडून होते, अशी त्यांची भूमिका होती. पुढील दीडशे वर्षांत विमाकंपन्यांनी या खटल्यातील नियम तेवढा उचलला व निकाल बाजूस ठेवला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

एकोणिसाव्या शतकात विमाकंपन्यांनी प्रस्तावपत्राखाली एक वाक्य छापण्यास सुरुवात केली : वरील उत्तरे हा कराराचा पाया आहे. दिसावयास निरुपद्रवी असलेल्या या वाक्याचा अर्थ असा, की कोणतेही उत्तर चुकीचे निघाले, मग ते जोखमीच्या दृष्टीने कितीही क्षुल्लक असो वा अजाणता दिलेले असो, तरी करार रद्द होतो. ब्रिटिश उमराव सभेने अँडरसन विरुद्ध फिट्‌झजेराल्ड (१८५३) या खटल्यात ही स्थिती मान्य केली. वीस वर्षे इमानाने हप्ते भरलेल्या माणसाच्या कुटुंबाला, त्याने फार पूर्वी दिलेल्या एका उत्तरावरून रिकाम्या हाताने परत जावे लागणे त्यामुळे शक्य झाले. या धाकाने लोक विमाच घेईनासे होतील, हे काही व्यावसायिकांच्याही ध्यानात आले. १८४८ साली लंडनमध्ये निघालेल्या एका आयुर्विमा कंपनीने तर ‘निर्विवाद’ हे विशेषण आपल्या नावातच घातले; एकदा विमापत्र दिल्यावर त्याबद्दल वाद काढणार नाही, असे तिचे वचन होते. अमेरिकेत अशी कलमे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमापत्रांत येऊ लागली व पुढे कायद्याने सक्तीची झाली.

भारतात आधुनिक आयुर्विमा आला तो इंग्रजी कंपन्यांबरोबर आणि त्यांच्या छापील प्रस्तावपत्रांसह. बाँबे म्यूच्युअल (१८७०) आणि ओरिएंटल गव्हर्नमेंट सिक्युरिटी लाइफ ॲश्युरन्स (१८७४) या मुंबईत स्थापन झालेल्या कंपन्यांनी भारतीयांना विम्याची सवय लावली, तरी करारातील अटी बहुतेक इंग्रजी वळणाच्याच राहिल्या. १९१२ च्या आयुर्विमा कंपनी अधिनियमाचा रोख कंपनीच्या सांपत्तिक स्थितीवर होता. विमेदाराच्या दाव्याला त्याने संरक्षण दिले नव्हते. सुशीलचंद्र सेन यांनी १९३५ मध्ये केलेल्या अभ्यासाच्या आधारे तयार झालेल्या विमा अधिनियम, १९३८ मध्ये प्रथमच ४५ वे कलम घालण्यात आले. विमापत्र दोन वर्षे अंमलात राहिल्यानंतर, प्रस्तावपत्रातील किंवा वैद्यकीय अहवालातील एखादे विधान चुकीचे किंवा खोटे होते एवढ्याच कारणाने विमाकर्त्याला त्याविषयी आक्षेप घेता येणार नाही, असे या कलमाने ठरविले. त्यानंतर आक्षेप घ्यावयाचा तर विधान महत्त्वाच्या बाबीसंबंधी होते, ते विमेदाराने कपटाने केले आणि ते करताना त्याला त्याचा खोटेपणा ठाऊक होता, हे विमाकर्त्याने दाखवून दिले पाहिजे. ‘पाया’च्या वाक्याची धार या कलमाने बरीच बोथट केली.

मिठूलाल नायक खटला : ४५ व्या कलमाचा अर्थ ज्या निकालाने स्थिर झाला, तो मिठूलाल नायक विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ मधील निकाल होय. त्याची हकीकत सविस्तर पाहण्यासारखी आहे, कारण अशा तंट्यांत जे जे निघते ते जवळजवळ सारे तिच्यात आहे. मध्य प्रांतातील एका गृहस्थाने १९४२ च्या अखेरीस ओरिएंटल कंपनीकडे विम्याचा प्रस्ताव पाठविला होता. वैद्यकीय तपासणीचा अहवाल अनुकूल आला नाही व तो प्रस्ताव तसाच राहिला. १९४३ च्या शरदऋतूत त्याने जबलपूर येथे रक्तक्षय, पायांवरील सूज, अतिसार व धाप यांसाठी वैद्यकीय उपचार घेतले. जुलै १९४४ मध्ये त्याच कंपनीकडे त्याने २५,००० रु. च्या विम्यासाठी पुन्हा प्रस्ताव दिला. गेल्या पाच वर्षांत कोणा वैद्याचा सल्ला घेतला होता काय, या आशयाच्या प्रश्नाला त्याने नकारार्थी उत्तर दिले. १३ मार्च १९४५ रोजी विमापत्र निघाले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ते मिठूलाल नायक यांच्या नावे करून देण्यात आले. मध्यंतरी हप्ता थकल्याने विमापत्र खंडित झाले व पुढे त्याचे पुनरुज्जीवन झाले. नोव्हेंबर १९४६ मध्ये विमेदार मरण पावला. १० ऑक्टोबर १९४७ च्या पत्राने कंपनीने सु. २६,००० रु. ची मागणी नाकारली.

दावा दाखल झाला तो ओरिएंटलवर. तो चालू असतानाच १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ओरिएंटलसह २४५ विमाकर्त्यांचा व्यवसाय नव्या महामंडळाकडे आला व वादही महामंडळाकडे आला. उच्च न्यायालयात अपयश आल्यावर नायक यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. तेथे पहिला प्रश्न निघाला तो मुदतीचा : दोन वर्षे मोजावयाची ती मूळ विमापत्रापासून की पुनरुज्जीवनापासून? पुनरुज्जीवनापासून मोजल्यास कंपनीचा नकार मुदतीच्या आत पडत होता व तिचे काम सोपे होत होते. मुदत मूळ विमापत्राच्या दिनांकापासूनच मोजली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे मार्च १९४५ ते ऑक्टोबर १९४७ या काळात दोन वर्षे उलटून गेली होती आणि कंपनीला कपट सिद्ध करणे भाग होते. त्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी न्यायालयाने वेगळ्या करून सांगितल्या : विधान किंवा लपविलेली गोष्ट महत्त्वाची असली पाहिजे, ती कपटाने लपविलेली असली पाहिजे, आणि त्या वेळी विमेदाराला तिची जाणीव असली पाहिजे. तिन्ही एकत्र आल्याखेरीज दावा नाकारता येत नाही.

या कसोट्या विमेदारांना अनुकूल होत्या, पण खुद्द नायक यांना त्यांचा उपयोग झाला नाही. प्रस्तावापूर्वी वर्षभराच्याही आत झालेला गंभीर आजार आणि त्यावरील उपचार माणूस विसरू शकत नाही. ते उत्तर कपटाचेच होते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. कंपनीच्याच वैद्याने त्याला पूर्वी तपासले होते, सत्य शोधण्याचे साधन तिच्या हाती होते, हा संविदा अधिनियमाच्या १९ व्या कलमावर उभारलेला युक्तिवादही टिकला नाही. भरलेले हप्ते तरी परत मिळावेत, ही मागणीही विमापत्रातील जप्तीच्या अटीमुळे फेटाळली गेली. निकालातील नियमाने असंख्य वारसांना आधार दिला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या पदरी मात्र सतरा वर्षांपूर्वीच्या विमापत्राबद्दल काहीही पडले नाही. कार्टरच्या खटल्याची ही उलट बाजू म्हणता येईल.

एजंटाची भूमिका : प्रस्तावपत्र कोणी भरले, हा मुद्दा भारतात इतर देशांपेक्षा अधिक नाजूक आहे. अनेक वर्षे ही पत्रे इंग्रजीत असत. उत्तरे एजंट आपल्या हस्ताक्षरात लिही व विमेदार मराठीत, गुजरातीत किंवा अंगठ्याने सही करी. आजाराचा उल्लेख ‘किरकोळ आहे, लिहू नका’ म्हणून एजंटानेच टाळल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. न्यायालयांनी यात विमेदाराला फारशी सवलत दिलेली नाही. न वाचता सही केली, या सबबीने उत्तरांची जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा सांगितले. हप्त्याच्या पैशाबाबतही तोच कल दिसतो. एजंटाने घेतलेला हप्ता विमेदाराच्या मृत्यूनंतर महामंडळात भरला गेला अशा एका प्रकरणात, हप्ता स्वीकारण्याचा अधिकार एजंटाला नव्हता व म्हणून महामंडळ बांधील नाही, असा निर्णय १९९७ मध्ये झाला. उलट पगारातून हप्ता कापून पाठविण्याच्या योजनेत मालकाने रक्कम भरली नाही, तेव्हा मालक हा महामंडळाचा प्रतिनिधी ठरवून १९९९ मध्ये कामगाराच्या विधवेला न्याय देण्यात आला. सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्हीकडे पैसे ‘विम्याच्या माणसाला’च दिलेले असतात, कायद्याने केलेला भेद त्याला सहज उमजत नाही.

मालमत्तेच्या विम्यातील तंट्यांचे स्वरूप वेगळे असते. तेथे वाद बहुधा नुकसानीच्या रकमेबद्दल असतो आणि सर्वेक्षकाच्या अहवालावर बरेच अवलंबून राहते. हा अहवाल आवश्यक असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, सबळ कारणे देऊन त्यापासून दूर जाता येते, असे २००९ मध्ये ठरले. दुसरा कळीचा कागद म्हणजे ‘संपूर्ण व अंतिम’ रक्कम मिळाल्याची पावती. आगीत गुदाम जळालेला व्यापारी पैशाच्या निकडीत ती सही करून देतो आणि पुढे उरलेल्या रकमेसाठी तक्रार करतो. अशी सही फसवणूक, अनुचित दडपण किंवा जबरदस्ती यांमुळे दिलेली असल्यास ती तक्रारीच्या आड येत नाही, परंतु ते सिद्ध करण्याची जबाबदारी विमेदाराची, असा मध्यम मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्वीकारला.

निवारणाची व्यासपीठे : राष्ट्रीयीकरणानंतर (आयुर्विमा १९५६, सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३) विमेदारासमोर शासकीय संस्था उभी असली, तरी दाद मागण्याचे मुख्य ठिकाण दिवाणी न्यायालयच राहिले. मागणीच्या प्रमाणात मुद्रांकशुल्क, वकिलाचा खर्च आणि वर्षानुवर्षांचा कालावधी यांमुळे लहान रकमेच्या विमेदाराला तो मार्ग बंद असल्यासारखाच होता. महामंडळ राज्यसंस्था असल्याने काहींनी उच्च न्यायालयात रिट अर्ज केले. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या आशा गोयल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये या मार्गाची मर्यादा आखली : रिट अर्जाला पूर्ण मज्जाव नाही, पण तथ्यांबद्दल गंभीर वाद असेल तेथे पुरावा घेणाऱ्या न्यायालयातच गेले पाहिजे.

खरा बदल घडविला तो ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ने. त्यात ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत विम्याचा स्पष्ट उल्लेख होता आणि प्रारंभी तक्रारीस शुल्कही नव्हते. जिल्हा मंचापुढे विमेदार वकिलाविना उभा राहू शकत होता. नकाराची भाषा एरवी जशी आहे तशी स्वीकारणारी कुटुंबे या मंचांकडे मोठ्या संख्येने वळली. २०१९ च्या नव्या अधिनियमाने मध्यस्थीची तरतूद केली, तसेच आयोगाची आर्थिक अधिकारिता मागितलेल्या भरपाईवर न ठरविता दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्यात हप्त्यावर, ठरविली. त्यामुळे मोठ्या रकमांचे विमादावेही बहुतांशी जिल्हा आयोगाकडेच येऊ लागले. ही रचना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरविली.

न्यायालयाबाहेरील दुसरा मार्ग विमा लोकपालाचा. १९९८ च्या नियमांनी ही यंत्रणा उभी केली व २०१७ मध्ये तिची जागा नव्या नियमांनी घेतली. मुंबई व पुणे येथे तिची कार्यालये आहेत. प्रथम विमाकर्त्याकडे लेखी तक्रार करावी लागते. उत्तर असमाधानकारक असल्यास किंवा महिनाभरात न आल्यास लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही. भरपाईची कमाल मर्यादा प्रारंभी २० लाख रु. होती, ती २०१७ मध्ये ३० लाख आणि २०२३ मध्ये ५० लाख रु. झाली. दोन्ही पक्षांची संमती असल्यास लोकपाल तडजोड सुचवितो, अन्यथा निवाडा देतो. हा निवाडा विमाकर्त्यावर बंधनकारक असतो. विमेदाराला मात्र तो न मानता ग्राहक आयोगाकडे किंवा न्यायालयाकडे जाण्याची मोकळीक राहते. ही असमानता हेतुपुरस्सर ठेवलेली आहे व तीच या यंत्रणेची ताकद होय. यांखेरीज विमासेवेचा समावेश लोकोपयोगी सेवांत झाल्याने, तडजोड न झाल्यास निर्णय देण्याचा अधिकार असलेल्या स्थायी लोकअदालतींकडेही २००२ नंतर जाता येते.

अलीकडील स्थिती : विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाल्यावर (१९९९–२०००) ४५ व्या कलमाचा फेरविचार सुरू झाला. विधि आयोगाच्या १९० व्या अहवालानंतर (२००४) बऱ्याच विलंबाने, विमा कायदे (सुधारणा) अधिनियम, २०१५ ने हे कलम पूर्णतः नव्याने लिहिले. आता तीन वर्षांनंतर विमापत्राविषयी कोणत्याही कारणास्तव, कपटाच्या कारणानेसुद्धा, आक्षेप घेता येत नाही. तीन वर्षांच्या आत नकार द्यावयाचा तर कारणे लेखी कळवावी लागतात. कपट नसून केवळ अयथार्थ विधान असेल तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. नायक खटल्यात नाकारला गेलेला परतावा अशा रीतीने निदान काही प्रसंगी कायद्यानेच मिळू लागला. परंतु याच सुधारणेने त्या निकालातील विमेदाराच्या हिताचा एक भाग काढूनही घेतला. तीन वर्षे आता विमापत्राचा दिनांक, जोखीम सुरू होण्याचा दिनांक किंवा पुनरुज्जीवनाचा दिनांक यांपैकी जो सर्वांत नंतरचा असेल त्यापासून मोजली जातात. हप्ता थकून विमापत्र पुन्हा सुरू करणाऱ्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि हप्ता थकतो तो बहुधा अडचणीतील कुटुंबाचाच. शिवाय कपटाचा आरोप झाल्यास आणि विमेदार हयात नसल्यास, त्याचे खंडन करण्याचा भार लाभार्थींवर टाकलेला आहे.

महत्त्वाची गोष्ट कोणती, याबद्दल न्यायालयांचा सूर एकसारखा राहिलेला नाही. दीर्घकालीन मधुमेह व मूत्रपिंडविकार लपविल्याने वैद्यकीय विम्याचा दावा नाकारणे २००९ मध्ये योग्य ठरले. २०१५ मध्ये मात्र, हृदयविकाराने मरण पावलेल्या विमेदाराने कमरेच्या मणक्याचा विकार सांगितला नव्हता, या कारणावरून महामंडळाने दिलेला नकार रद्द झाला. तो विकार जीवघेणा नव्हता व मृत्यूचे कारणही नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीचे मोठे विमापत्र न सांगणे ही महत्त्वाची गोष्ट मानून नकार उचलून धरला. २०२१ च्या एका निकालात, मधुमेह असल्याचे सांगून परदेशप्रवासाचा विमा घेतलेल्या प्रवाशाने रक्तातील मेदासाठीचे औषध नमूद केले नव्हते. कंपनीने वैद्यकीय तपासणी करून जोखीम स्वीकारली असताना तिला हे कारण पुढे करता येणार नाही, असा निर्णय झाला. १७६६ मधील विचारसरणी येथे पुन्हा दिसते. आरोग्यविम्याला ४५ वे कलम लागू नसल्याने तेथे ही मर्यादा विनियमांनी घातली : विमापत्र सतत ८ वर्षे चालू राहिल्यावर, सिद्ध झालेल्या कपटाखेरीज, अप्रकटनाच्या कारणाने दावा नाकारता येणार नाही, असे २०२० मध्ये ठरले आणि हा कालावधी २०२४ मध्ये ६० महिन्यांवर आणण्यात आला.